डोंगरावरचं आभाळ

फार वर्षांपूर्वीच्या एका वैशाखात ओढ्यात एकच डबकं उरलं होतं. त्यात रेडेबुवा बसत. ते उठल्याशिवाय ओढ्यातून कुणी हलायचं नाही, अशी तिथली रीत होती. डबक्याशेजारच्या वाळूत टिटवीची कालच जन्मलेली चार पिल्लं होती.

दुपारी दूर डोंगरावर आभाळ काळंकुट्ट झालं आणि गडगडू लागलं. टिटवी लगबगीनं डबक्यापाशी आली. "रेडेबुवा, वर वळीव कोसळतोय. ओढ्याला लोंढा येईल. पिल्लांना घेऊन काठावर जाऊ का?"

रेडेबुवांनी एक डोळा उघडला. "बाई, डोंगराचं डोंगरापाशी. इथं बघ, कसं रणरणतं ऊन आहे!"

"टिटवीचं तोंडच अपशकुनी!" डबक्यातला बेडूक म्हणाला. ओढ्यातले सगळे हसले.

टिटवीला ते फार लागलं. तरी तिनं रीत मोडली आणि हाका मारमारून पिल्लांना काठावर चढवलं. शेवटचं पिल्लू वर पोचतंय तोच गढूळ पाण्याचा लोंढा घोंगावत आला.

रेडेबुवा मानेपर्यंत बुडून वाहत चालले होते. टिटवी दिसताच ते तशातही डाफरले, "पाऊस कुठं पडलाय? माझ्या डोक्यावर एक थेंब तरी दिसतोय का तुला?"