वळणावरचा रांजण

“मग बुवा, माझं पुस्तक वाचणार तरी कोण?”

हेरंब सातपुते हे विचारून खडकावर टेकला, आणि टेकला न टेकला तोच पुन्हा उठला. आल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. बूड एका जागी ठरेल तर शपथ!

म्हाळूबुवा डोंगरावरच्या देवळाच्या चढावर, मधल्या वळणाशी पाणपोई चालवत. देवाच्या दारी बसायचं सोडून हा गोसावी अर्ध्या वाटेत रांजण मांडून बसलाय, म्हणून गावातले शहाणे हसत. हेरंबची आई मात्र त्यांना गुरू मानायची. तिचं बोट धरून येणारा हेरंबही मानत आला होता. म्हणजे, काही अडलं की मानायचा. एरवी गरज सरो, वैद्य मरो.

आता चांगलंच अडलं होतं. आई अर्धांगवायूनं दोन-अडीच वर्षं अंथरुणाला खिळली, तिचं सगळं हेरंबनं एकट्यानं केलं. ती गेल्यावर त्यावर पुस्तक लिहिलं, पदरमोड करून छापलं, आणि आता त्याचे गठ्ठे घरभर पडले होते. बायकोनं निक्षून सांगितलं होतं, यात्रेत खपली तर खपली, नाहीतर सोमवारी रद्दीवाल्याला बोलावलंय.

“मी काय करायचं बाकी ठेवलंय, सांगा!” हेरंब म्हणाला. “चौकात फ्लेक्स लावला. संमेलनात टेबल घेतलं. भाचीच्या लग्नात आल्या-गेल्याच्या हातात एकेक प्रत ठेवली.”

“मग?”

“निम्मी मंडपातच राहिली. उरलेल्यांवर लोकांनी जिलबी ठेवून खाल्ली.”

बुवांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते आवरलं.

“तुम्ही एवढं करा. यात्रेला खाली कमानीपाशी टेबल लावायला मिळावं म्हणून पंचांकडे शब्द टाका. हजारो माणूस त्या कमानीतून जातं. त्यातली शंभर तरी घेतील की नाही?”

बुवांनी तांब्या विसळला.

तेवढ्यात एक जाडसर गृहस्थ धापा टाकत वळणावर आले. हेरंब कसला थांबतोय! पिशवीतून सोनेरी अक्षरांचं एक पुस्तक काढून त्यानं ते त्यांच्या हातात कोंबलंच.

“वाचा साहेब. आईवर आहे.”

गृहस्थांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. मग त्याच पुस्तकानं छातीला वारा घातला. बुवांच्या हातून तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले, “छान आहे हो,” म्हणत पुस्तक परत दिलं आणि वर चालू लागले.

हेरंबच्या डोळ्यांत पाणी आलं. हा राग की रडू, त्याचं त्यालाच कळेना.

“बघितलंत? ही किंमत! बुवा, द्यायचं ना मग रद्दीला?”

“हा रांजण आधी कमानीपाशीच होता,” बुवा म्हणाले.

“मग वर कशाला आणलात? तिथं केवढी गर्दी असते...”

“लोक पाय धुवायचे.”

“प्यायच्या पाण्यानं?”

“चुळा भरायचे. एकजण तर मोटारसायकल धुवायचा. सकाळी भरलेला रांजण ऊन चढायच्या आत रिकामा. आणि प्यायलं कोण? कुणीच नाही. सगळे घरून पिऊन आलेले.”

“बरं, मग नेमका इथंच का? देवळापाशी ठेवायचा.”

बुवांनी बाजूच्या खडकावरून हात फिरवला.

“तरणा होतो तेव्हा. भर उन्हात चढत होतो. या खडकाशी आलो आणि घेरी येऊन पडलो. घोटभर पाणी नव्हतं कुठं...”

वारा पडला होता. हेरंबनं घाम पुसला, फोन काढला, न बघताच परत खिशात टाकला.

“तू कुठं पडला होतास, हेरंबा?”

“मी कशाला पडतोय!” तो फटकन म्हणाला.

बुवांनी तांब्या भरून त्याच्यापुढे धरला.

“सरकारी दवाखान्यात,” शेवटी हेरंब म्हणाला. “वॉर्डाबाहेर. आईला कुशीवर कसं वळवायचं, तेच जमेना मला. पाठीला जखमा झालेल्या. त्यात तिनं अंथरूण घाण केलं आणि मी ओरडलो तिच्यावर. वाचा गेलेली तिची. नुसती बघत राहिली... मी बाहेर येऊन बाकावर बसलो. वाटलं, सुटेल तर बरं ही आता. आणि असं वाटलं म्हणून माझी मलाच किळस आली.”

“कुणी काही बोललं?”

“कोण बोलणार? कुणी एवढं जरी म्हटलं असतं ना, की बाबा रे, माझंही असंच झालं होतं...” त्यानं पुस्तकांच्या पिशवीवर हात ठेवला. “तेच लिहिलंय. पहिल्याच पानावर.”

“बाक आहे अजून?”

“आहे की. जातोय कुठं!”

“रिकामा असतो?”

“रिकामा कसला, बुवा! केव्हाही जा, कुणी ना कुणी डोकं धरून बसलेलं...”

हेरंब बोलता बोलता थांबला. बसावं की उठावं, त्याला सुचेना.

बुवांनी पुस्तकांची पिशवी उचलली आणि त्याच्या खांद्याला अडकवली.

“मग तू इथं काय करतोयस?”