बिनतोंड्यांचं राज्य

किनाऱ्यालगतच्या पाण्यात एक शंख होता. शंखात खेकडा राहायचा आणि शंखाच्या पाठीवर एक अख्खं गाव. गावकरी म्हणजे शंखाला चिकटून वाढणारे इवले समुद्री जीव, नखाएवढेसुद्धा नव्हते, पण निवडणुका अगदी थाटात घ्यायचे.

गावात तोंडवाले होते, ते शिकार पकडून गिळायचे. डंखवाले पहारा द्यायचे आणि कळीवाले वंश वाढवायचे. या दोघांना तोंडच नव्हतं. पोट मात्र खालून सगळ्यांचं एकच. कोणीही गिळलं तरी सगळ्यांना मिळायचं. हे पोराटोरांना ठाऊक होतं, फक्त निवडणूक आली की कोणाच्या लक्षात राहत नसे.

म्हणून तर फुगोजी कळीवाला निवडून आला.

"बंधुभगिनींनो, मला तोंडच नाही," तो म्हणाला. "मी खाणार कसा?"

लोक गहिवरले. इतका स्वच्छ उमेदवार अख्ख्या दर्यात नव्हता.

बघता बघता फुगोजी टम्म झाला. काठावरची साळू तोंडवाली मात्र वाळत चालली. तिच्या कुशीला नुकतीच लाडू नावाची पोर कोंबासारखी फुटली होती. पोरीला अजून तोंड यायचं होतं, आई गिळेल त्यावरच ती जगायची. पण साळूने गिळलेलं आधी फुगोजीकडे वळायचं आणि उरलंसुरलं काठावर यायचं. पोर दिवसेंदिवस फिकी पडत होती. साळूच्या जिवाला घोर लागला.

"ह्या मेल्याक तोंड नाय, मगे फुगलो कसो?" तिने शेजारच्या धोंडूला विचारलं.

"हळू बोल गो," धोंडू म्हणाला. "डंखवाले आयकतत."

डंखवाल्यांनी ऐकलंच. फुगोजीने लगेच सभा घेतली.

"भूक तोंडामुळे लागते. आम्ही बिनतोंड्यांनी कधी भुकेची तक्रार केली?"

गावाला हेही पटलं. तोंड विनाकारण उघडू नये, असं फर्मान निघालं.

पुढची निवडणूक आली. साळूने ठरवलं, यंदा चारचौघांत विचारायचंच. नियमही सोपा होता, हरकत असेल त्याने तोंड उघडून सांगावं. मुहूर्त तेवढा ऐन भरतीचा काढला होता.

भरतीबरोबर खाणं आलं. साळूच्या तोंडात कोळंबीचं पिल्लू सापडलं, चांगलं गुबगुबीत. फुगोजीचा वाटा जाऊनही लाडूपर्यंत पोचलं असतं. पण ते वळवळत होतं, तोंड उघडताच निसटलं असतं.

"कोणाची हरकत?" पंचांनी विचारलं.

साळूने लाडूला चाचपलं. पोर गारठली होती. साळूने तोंड घट्ट मिटलं. शेजारी धोंडूचंही तोंड भरलेलं होतं.

फुगोजी बिनविरोध निवडून आला. आपल्या गावात प्रत्येकाला बोलायची मुभा आहे, असं त्याने आभाराच्या भाषणात अभिमानाने सांगितलं. ते खरंच होतं. फक्त तोंडातला घास सोडून बोलायचं होतं.