सुभानाचा दगड

मंडळी, बॅगा कुठंही टेका, पण रेघेबाहेरच्या त्या काळ्या दगडावर नको. गुडघाभर उंच आहे, बसायला सोयीचा आहे, सगळं खरं. तरी नको. त्याला शेंदूर नाही, हार नाही. देव नव्हेच तो. तो सुभानाचा दगड.

तुम्ही लांबून आलात, म्हणून सांगतो. आमच्या या खोऱ्यात वाडी तिथं मंडळ आहे. खाली बाजाराच्या गावात व्हॉलीबॉलवाले, वर धनगरवाड्यावर रस्सीखेचवाले, नदीपलीकडच्या वाघण्यात आणि अलीकडं आमच्या उंबरदरीत कबड्डी. घरात मीठ नसेल, पण मंडळाचा बनियन दोरीवर वाळत असतो. तुमच्या गावीही असंच असेल. पण आमच्या मैदानावर एक रीत आहे, ती दुसरीकडं तुम्हाला दिसणार नाही. इथं बाद होऊन बाहेर बसलेल्या गड्याला पंच थोड्या थोड्या वेळानं विचारतो, "जिता हाईस न्हवं?" आणि गड्यानं मोठ्यानं ओरडायचं, "जिता हाय!" पहिल्यांदा येणारे हसतात. तुम्हीही हसाल. हसून घ्या.

मी एकोणीस वर्षं इथं पंच होतो. ही हकीकत माझ्या आज्यानं मला सांगितली, त्याला त्याच्या आज्यानं. किती वर्षं झाली त्याचा हिशेब कुणाकडं नाही. कबड्डीला तेव्हा हुतूतू म्हणत आणि बाद झालेल्याला सरळ 'मेला' म्हणत. आपल्या गड्यानं समोरचा एक मारला की आपला एक मेलेला उठायचा, जिता व्हायचा. जो पहिला मेला, तो पहिला उठणार. आणि उठेपर्यंत मेलेल्यानं जागा सोडायची नाही, बोलायचं नाही. मेलेला माणूस बोलतो का कधी? ही शिस्त उंबरदरीइतकी कडक कुठंच नव्हती, असं सांगतात. आम्हाला त्याचा फार गर्व होता.

हैबती आणि सुभाना हे सख्खे भाऊ. हैबती थोरला, गावाच्या संघाचा म्होरक्या. त्याचा दम असा, की एका दमात तो नदी उतरून पलीकडं जाई म्हणे. सुभाना धाकटा, विशीतला, आणि तोंडाळ. झोपेतसुद्धा बडबडायचा. आई चिमाक्का म्हणायची, "ह्यो गप बसला तर आभाळ फाटंल बाई."

त्या साली भैरोबाच्या जत्रेत वाघण्याशी सामना होता. जिंकेल त्या गावाचा पालखीला पहिला खांदा. वाघण्याचे चार मेले, आपला एकही नाही. सुभाना चढाईला गेला. समोरच्या एका गड्याचं धोतर सुटलं आणि सुभानाला हसू आलं. हुतूतू म्हणता म्हणता हसला, दम तुटला, मेला. सगळं मैदान हसलं, वाघण्याचेही हसले. हैबती तेवढा हसला नाही. संतापून म्हणाला, "बस त्या दगडावर मेल्यावानी! मी उठ म्हनंस्तवर हलायचं न्हाय आन् तोंड उघडायचं न्हाय. एकदा तरी गप बसून दाव."

सुभाना जाऊन दगडावर बसला. चैत्राचं ऊन होतं. दगडाखाली सावलीला लांबडं होतं. जनावराचं नाव आम्ही या मैदानावर घेत नाही, तुम्ही समजून घ्या. ते त्याच्या टाचेला डसलं.

पुढचं नीट ऐका. वाघण्याचे तीन गडी उरले होते. हैबतीनं त्यातल्या कुणालाही नुसतं बोट लावलं असतं, तरी सुभाना उठला असता, बोलला असता, पाय दाखवला असता. वैदू जत्रेतच बसला होता, शंभर पावलांवर. पण हैबतीच्या डोक्यात राग होता. धाकट्याला जरा उन्हात बसू दे, म्हणाला. दुसऱ्या कुणाला चढाईला जाऊ देईना. स्वतः जायचा, दम दाखवायचा, तिघांना नाचवायचा आणि कुणाला न शिवता परत यायचा. लोक वाहवा करत होते. तीन चढाया तो असा रिकामा परतला, असं सांगतात. काहीजण पाच म्हणतात.

सुभाना टाच हातानं आवळून खाली मान घालून बसला होता. लोकांना वाटलं, रुसलाय. चिमाक्का बायकांत बसली होती. शेजारणीला हसून म्हणाली, "बघ की, आज गप बसलंय माझं लेकरू. दिष्ट लागंल." त्या माउलीनं ते बोलणं पुढं जन्मभर उगाळलं.

मग हैबतीनं एका दमात तिघांना मारलं. एकच गलका झाला. तो वळला आणि ओरडला, "सुभाना, ऊठ! जिता झालास!"

सुभाना उठला नाही.

पालखीला पहिला खांदा उंबरदरीनं दिला का, ते कुणी सांगत नाही. त्या दिवशी इथून दुसराच खांदा निघाला.

पुढच्या जत्रेपासून मैदानात भलतंच सुरू झालं. आपला गडी मेला, दगडाजवळ जाऊन बसला, की त्याला उठताच येईना. समोरचा मेला, हाक झाली, तरी हा आपला बसलेला. पायांत जीव नाही, तोंडातून शब्द नाही, डोळे तेवढे भिरभिरत. सामना संपून लोक पांगले की मग सुटायचा आणि ढसाढसा रडायचा. भर दुपारी, मैदानात चिटपाखरू नसताना, दगडाच्या बाजूनं हुतूतू ऐकू यायचं म्हणे. आवाज चढत जायचा आणि हसू फुटावं तसा मधेच तुटायचा. गुराखी गुरं वळवून नदीच्या अंगानं नेऊ लागले. दोन वर्षं असं चाललं. वाघण्याचे खेळायला येईनात. गावानं भैरोबाला कौल लावला, देवानं डावा दिला ना उजवा.

तिसऱ्या साली चिमाक्का मैदानात आली. सुभाना गेल्यापासून ती हैबतीशी बोलली नव्हती. सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "तू येवढा म्होरक्या, तुला खेळाचा नेम ठावा न्हाय? रांगंत पयला कोन बसलाय? त्याला उठिवल्याबिगर मागचा कसा उठंल?"

सामना मांडला. वाघण्याची माणसं हातापाया पडून आणली. आपला एक मेला, दगडाजवळ बसला आणि तसाच थिजला. मग हैबती गेला. एकाला शिवून परत आला. त्या बसलेल्या गड्याकडं त्यानं पाहिलंच नाही. दगडाकडं तोंड केलं, हात जोडले. मग म्हणाला, "सुभाना, ऊठ. जिता झालास. माझं चुकलं, बाळा."

वारा नव्हता, असं सांगतात. तरी दगडापासून रेघेपर्यंतच्या मातीवर एकापुढं एक अनवाणी पावलं उमटत आली. डावी टाच पुरती टेकलेली नव्हती. पावलं रेघ ओलांडून आत आली आणि थांबली. तो थिजलेला गडी आपसूक उठला. चिमाक्का धावत त्याच्याकडं गेली, त्याचं तोंड धरलं आणि विचारलं, "जिता हाईस न्हवं?" तो म्हणाला, "जिता हाय." त्या दिवसापासून ती प्रत्येक सामन्याला रेघेबाहेर बसू लागली. कुठल्याही गावचा गडी मरून बाहेर आला की विचारायची. तिच्यामागं तो मान पंचाकडं आला.

हैबती मात्र त्याच दिवशी मैदानाबाहेर पडला आणि दगडावर जाऊन बसला. म्हणाला, "आता म्या मेलो. मला उठवायचं ते त्यानंच." तो शेवटचा बोल. पुढं एकतीस वर्षं जगला. शेत केलं, लेकी उजवल्या, पण तोंड उघडलं नाही. दुपार झाली की दगडावर येऊन बसायचा. चिमाक्का त्यालाही विचारायची, "जिता हाईस न्हवं?" तो नुसता आईकडं बघायचा.

म्हातारपणी अंथरुणाला खिळला. त्या वेळचा पंच रीतीप्रमाणे उशाशी जाऊन विचारून आला, उत्तर नाही. मग एके दिवशी, जत्रेच्याच दुपारी, हैबतीनं एकाएकी मैदानाकडं मान वळवली, कुणी लांबून हाक मारल्यावर वळवावी तशी. आणि मोठ्यानं म्हणाला, "ओ!"

कुणाच्या आधाराशिवाय उठून बसला, पाय खाली सोडले, आणि गेला. एकतीस वर्षांत तेवढाच एक शब्द.

आजही आमचा पंच बसलेल्या सगळ्यांना विचारून झालं की शेवटी त्या रिकाम्या दगडालाही विचारतो, आणि एक दमभर थांबतो. तुम्ही म्हणाल, दोघं भाऊ उठले, आता तिथं कोण आहे? मलाही तसंच वाटायचं. एका वर्षी सामना रंगात आला आणि मी विचारायचं विसरलो. आपला एक गडी बाहेर बसला होता. सहज त्याच्याकडं नजर गेली, तर मान खाली, ओठ पांढरे. तीन हाका मारल्या, तेव्हा कुठं बोलला. म्हणाला, "आण्णा, माज्या आदी कुनीतरी बसलंय. ते बोलंना, मग म्या कसं बोलू?"

कोण बसलंय, ते मी विचारलं नाही. दगडाला विचारलं, थांबलो, मग शिट्टी दिली.

तेव्हा गड्यांनो, हराल जिंकाल ते तुमचं तुम्ही बघा. पण बाहेर बसायची पाळी आली तर लाजू नका, कुणावर रुसू नका, म्होरक्या कितीही ओरडला तरी टाच दुखली तर टाच दुखतेय म्हणून बोंबला. आणि पंचानं विचारलं की जोरात सांगा, जिता हाय म्हणून. उंबरदरीला गप्प बसलेला माणूस बघवत नाही.