गर्शोनची तीन वचनं

“आता सांगा काका, कुठं चुकला?” मी विचारलं.

हसाजीकाका बाकावर बसून गुडघा चोळत राहिले.

काकांचं वय नव्वदीच्या पुढे. रेवदंड्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथे बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, आठ घरं उरली आहेत. आमच्या प्रार्थनाघराला गावात अजून मशीदच म्हणतात, आणि चाळीस वर्षं काका तिथले हजान होते. प्रार्थना चालवायची, पोरांना तोरा, म्हणजे आमचा हिब्रूतला धर्मग्रंथ, वाचायला शिकवायचं, हे हजानचं काम. मलाही त्यांनीच शिकवलं.

पुढे मी पुण्यात प्राचीन भाषांचा प्राध्यापक झालो. निवृत्त होऊन परत आलो, तोवर काका थकले होते. पोरांची तयारी माझ्याकडे आली.

पोरं म्हणजे एकच. गर्शोन.

येत्या शनिवारी त्याचा बार मित्झ्वा होणार होता. तेरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलानं पहिल्यांदा मोठ्या माणसांत उभं राहून तोरा वाचायची, तो दिवस. त्याआधी काकांना एकदा ऐकवावं म्हणून मी त्याला घेऊन आलो होतो. त्याची आई मिल्का दाराजवळ बसली होती.

गर्शोन नुकताच थांबला होता. याकोब घर सोडून निघाला, दगड उशाला घेऊन निजला, तो पहिल्या ग्रंथातला सगळा भाग त्यानं एका दमात म्हटला होता. सुरात. हातात अक्षरांखाली धरायची, टोकाला बोटाचा आकार असलेली चांदीची काडी, समोर उघडलेली तोरा.

“आवाज चांगला आहे,” काका म्हणाले.

“आणि वाचन?”

काका पुन्हा गुडघा चोळायला लागले.

“उच्चार बघा, काका. घशातली अक्षरंसुद्धा जागच्या जागी. हल्ली मुंबईतसुद्धा असं कोणी...”

“रूबेन, तो म्हणत होता तेव्हा तू काय बघत होतास?”

“बघत नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो.”

“हं.”

मला ते ‘हं’ आवडलं नाही. बासष्ट वर्षांपूर्वी त्यांच्यापुढे शिकायला बसायचो, तेव्हाही आवडत नसे.

“गर्शोन,” काका म्हणाले, “काडी उचलू नकोस. आहे तिथेच राहू दे. रूबेन, तू ये. कुठं आहे बघ.”

मी चष्मा लावला आणि वाकलो.

आमची तोरा पुस्तकासारखी नसते. लांबच लांब चामड्याची गुंडाळी, उभ्या लाकडी पेटीत बसवलेली. वरच्या दोन खुंट्या फिरवल्या की हवा तो भाग समोर येतो. त्यावर नुसती अक्षरं. स्वरांच्या खुणा नाहीत, विराम नाहीत, सूर नाही. ते सगळं वाचणाऱ्यानं घालायचं.

काडीच्या टोकाला याकोब नव्हता.

तिथे इस्रायलच्या लोकांच्या मुक्कामांची यादी होती. इथून निघाले, तिथे उतरले. तिथून निघाले, पलीकडे उतरले. आम्ही यायच्या आधीच काकांनी खुंट्या फिरवून ठेवल्या होत्या.

“याकोब घरातून निघाला,” काका म्हणाले, “आणि थेट चौथ्या ग्रंथात पोचला. चालणारा माणूस होता हो.”

मला हसू आलं नाही.

“म्हणजे?” मिल्का उठून पुढे आली. “सर, हा वाचत नव्हता?”

मी काय सांगणार? सगळा भाग मीच माझ्या आवाजात फोनवर भरून दिला होता. मला ती युक्ती फार हुशारीची वाटली होती.

“तीन महिने कानात घालून फिरतोय,” मिल्का म्हणाली. “मासळी आणायला पाठवला तरी कानात तेच. मला वाटलं, अभ्यास करतोय.”

“अभ्यासच करत होतो,” गर्शोन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “सर म्हणाले, तोंडात बसलं पाहिजे. बसलं की.”

“सर म्हणाले?” काकांनी माझ्याकडे बघितलं.

“म्हणालो,” मी म्हणालो.

मी खिडकीपाशी गेलो. परत आलो. बाहेर वाडीत पाण्याचा पंप चालू होता, त्याचा आवाज डोक्यात घुमत होता.

“काका, ऐका,” मी म्हणालो. “आज गुरुवार. दोन दिवसांत काही होणार नाही. पण पोराला सगळं येतंय ना? शनिवारी मी स्वतः खुंट्या लावीन. जागा बरोबर असेल. काडी नीट चालेल एवढं मी त्याला आजच्या आज शिकवतो. कोणाला कळणार आहे?”

काकांनी तोरावरची नजर काढली नाही.

“नाहीतर पुढं ढकलू या. पेसाखच्या सणानंतर करू.”

“पुढं कसं ढकलायचं?” मिल्का म्हणाली. “सासूबाई इस्रायलहून आल्यात, अश्दोदहून. गुडघ्याचं ऑपरेशन सोडून आल्यात. म्हणाल्या, मुलगा गेला, आता त्याच्या मुलाला एकदा तोरापुढे उभा बघते, मग पायांचं काय व्हायचं ते होवो. सोमवारचं त्यांचं विमान आहे.”



मग गर्शोनच म्हणाला, “हजानआजोबा, मी वाचू का?”

“काय?”

“हे. काडीखाली आहे ते.”

“अक्षरं ओळखतोस?”

“ओळखतो. पण सुटी सुटी.”

“सुटी का असेनात.”

गर्शोननं काडी पहिल्या अक्षराखाली धरली. एक अक्षर. मग दुसरं. दोन्ही जोडून बघितली, जमेना. दुसरा स्वर घालून बघितला. मला राहवेना. मी तोंड उघडलं, तोच काकांनी बोट वर केलं.

मी मागे सरकलो.

पहिल्या शब्दाला किती वेळ लागला, सांगवत नाही. कपाळावर घाम आला त्याच्या. दुसऱ्या शब्दावर तो चुकला. काका हळूच बरोबर बोलले. त्यानं मागे जाऊन पुन्हा म्हटलं. तिसऱ्यावर पुन्हा चुकला. पुन्हा काका बोलले.

आणि बोलता बोलता काका बाकाचा हात धरून उठायला लागले.

“काका, बसा ना,” मी म्हणालो. “पाय दुखतोय तुमचा.”

ते बसले नाहीत. पोराचं सगळं म्हणणं त्यांनी बसून ऐकलं होतं, गुडघा चोळत. आता खरं वाचन चालू होतं, आणि ते उभे होते. मिल्कानं पुढे होऊन त्यांचं कोपर धरलं.

गर्शोनला त्याचा पत्ता नव्हता. त्याचं नाक जवळजवळ चामड्याला लागलं होतं.

“थांबा,” तो एकदम म्हणाला. “थांबा, थांबा. हा तोच आहे! वरच्या ओळीत होता ना, ‘निघाले’? तोच! आणि हा... हा पण! आजोबा, हे लोक सारखे निघतातच काय?”

“चाळीस वर्षं,” काका म्हणाले.

“बाप रे.”

तो हसला. मग पुढचा ‘निघाले’ त्यानं न अडखळता वाचला. मोठ्यानं. मशिदीत घुमला तो.

ते वचन, म्हणजे तोरातलं एक वाक्य, संपलं तेव्हा काका बसले. बराच वेळ त्यांना धाप लागली होती.

माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. पोराचा आनंद दिसत होता मला, आंधळा नाही मी. पण शनिवारही दिसत होता.

“काका, एका वचनाला पंधरा मिनिटं,” मी म्हणालो. “परवाच्या भागात किती वचनं आहेत, तुम्हाला माहीत आहे.”

“तोरापुढे बोलावलेल्यासाठी कमीत कमी किती वाचावी लागतात?”

“तीन.”

“मग तीन.”

“पण सगळ्यांना वाटतंय तो पूर्ण भाग... मीच सांगितलंय सगळ्यांना. कौतुकानं सांगितलंय.”

“तू सांगितलंस. त्यानं नाही.”

“आणि तीन वचनांतसुद्धा शब्दाशब्दाला अडेल. आपली माणसं तुम्हाला ठाऊक आहेत. वाचणारा चुकला की मागून ओरडून सांगायचं, ही आपली रीतच. मोझेस तळकर तर अर्धं अक्षर सोडत नाही, आणि आवाज असा की बंदरावर ऐकू जावा. पोराची आजी समोर बसलेली असेल...”

“तळकर यायलाच हवा,” काका म्हणाले. “त्याला निरोप द्या कोणीतरी.”

“काका!”

“अरे, चूक सांगायची तर त्यालाही तोरात डोकं घालावं लागतं. तुझ्या पोपटापुढे तळकर झोपला असता.”

मिल्का तोंडावर पदर धरून हसली. मग गंभीर झाली. तिनं गर्शोनला विचारलं, “सगळ्यांसमोर चुकशील. चालेल तुला?”

गर्शोननं काडीचं चांदीचं बोट अंगठ्यानं पुसलं. बराच वेळ पुसत होता.

“आजीला आधी सांगून ठेव,” तो म्हणाला. “की हळूहळू होणार आहे म्हणून.”

काकांनी मान हलवली. मग मला म्हणाले, “खुंट्या फिरव. याकोबाकडे ने त्याला. आज आणि उद्या फक्त तीन वचनं, माझ्याकडे. आणि तो फोन मिल्काकडे दे.”

मी खुंट्या फिरवायला लागलो. चामड्याची जडशीळ गुंडाळी एकीकडून दुसरीकडे सरकत राहिली. छत्तीस वर्षं ज्यानं लोकांना वाचायला शिकवलं, त्याच्यापुढे मूल वाचत नव्हतं आणि त्याला कळलं नाही. हे कोणाला सांगायचं?

“राहिलेला भाग?” मी विचारलं. “गर्शोनची तीन झाल्यावर पुढचं कोण वाचणार?”

“तू.”

मला जरा बरं वाटलं. निदान तेवढं तरी माझ्या हातचं होतं.

“त्याची काळजी नको,” मी म्हणालो. “सगळं मुखोद्गत आहे मला. माझ्या बार मित्झ्वालाही हाच भाग होता. बासष्ट वर्षांत त्या भागातलं माझं एक अक्षर चुकलेलं नाही.”

काकांनी माझ्याकडे बघितलं.

“म्हणूनच सांगतो, रूबेन... एकदा वाचून बघ.”