लोधाची पिकली पाने

“विहारामागच्या लोधाची साल कुणीतरी चहूबाजूंनी सोलून नेली आहे. ज्याने हे केले त्याला आपले चीवर घाईने रंगवून हवे होते. झाडाचे पुढे काय होईल, हे त्याने क्षणभरही मनात आणले नाही.”

ज्येष्ठ भिक्खू थेर सोमिल संध्याकाळच्या सभेत एवढेच बोलले. नाव कुणाचे घेतले नाही. भिक्खू आपापल्या चीवराकडे पाहू लागले. मागच्या रांगेतल्या तरुण उत्पलाने मात्र खाली पाहिले नाही. त्याचे चीवर नवे होते, तांबूस होते आणि अजून ओलसर होते.

अंगणात पाटला नावाची म्हातारी उपासिका गळलेली पाने झाडून ढीग लावीत होती. दिवस मावळला की ती रोज तो ढीग पेटवून देई. सभेच्या अग्रभागी बसलेल्या भगवान शास्त्यांनी त्या ढिगाकडे बराच वेळ पाहिले. मग ते म्हणाले, “भिक्खूंनो, ही घाई आजची नाही. फार जुनी आहे.” आणि त्यांनी पुढील पूर्वकथा सांगितली.

फार पूर्वी कुसुमावती नगरीत महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रंगाऱ्यांच्या कुळात जन्माला आले होते. त्या जन्मी त्यांचे नाव होते पिंगल. नदीकाठी रंगाऱ्यांची वस्ती होती, वस्तीमागे टेकडी आणि टेकडीवर लोधांचे वन. पहाटेचे धुके त्या वनातून उतरून घाटावर येई आणि वाळत घातलेल्या वस्त्रांमधून हिंडत राही. पळसफुलांचे पिवळे, निळीचे निळे, मंजिष्ठेचे लाल असे रंग त्या धुक्यात नुसते तरंगत असत. काठावर नवखा कुणी आला तर त्याला वाटे, आपण अजून झोपेतच आहोत.

पिंगलाचा चुलतभाऊ भद्रक याच वस्तीत वाढला होता. आईवडील लवकर गेले आणि पिंगलाने व त्याची बायको रेवती हिने त्याला लहानाचे मोठे केले. त्याचा हात चांगला होता. फक्त वाट पाहणे त्याला जमत नसे, आणि रंगाऱ्याचे अर्धे काम वाट पाहण्याचेच असते.

मंजिष्ठेच्या मुळ्या कुटून उकळल्या की सुंदर लाल काढा होतो. पण नुसत्या काढ्याचा रंग पहिल्या धुण्यातच वाहून जातो. सुताची लोधाशी गाठ पडली तरच तो टिकतो. म्हणून लोधाची साल लागे. ती काढण्याची पिंगलाच्या कुळात एक रीत होती. झाडाच्या उगवतीच्या अंगाने, तळहाताएवढीच साल काढायची. जखमेवर शेणमाती लिंपायची. आणि सुरी लावण्याआधी झाडावर हात ठेवून त्याला सांगायचे, हे वस्त्र कुणाच्या अंगावर जाणार आहे. कुंभाराच्या लेकीच्या लग्नासाठी. नावाड्याच्या नातवासाठी. पिंगल हे अगदी सावकाश सांगे. रेवती हसून म्हणे, “झाडाशी बोलतात त्याच्या निम्मे घरात बोलले असते, तर मी आज चार गोष्टी शहाणी असते.” भद्रकाला मात्र हे बोलणे ऐकताना पाय आपटावेसे वाटत.

एकदा राजाने आपल्या मुलाला युवराज करायचे ठरवले. येत्या पौर्णिमेला युवराज वेशीपासून राजवाड्यापर्यंत चालत येणार होता आणि सगळ्या वाटेवर लाल वस्त्र अंथरावे, अशी राजाची इच्छा होती. पिंगलाला दरबारात बोलावणे आले. सोबत भद्रकही गेला. वस्त्र वेळेवर झाले तर पिंगलाला राजरंगाऱ्याचा मान आणि टेकडीखालची जमीन मिळणार होती. न झाले तर रंगाऱ्यांनी घाट सोडून जायचे होते.

पिंगलाने हात जोडले. “महाराज, एवढ्या वस्त्रासाठी सगळे लोधवन सोलावे लागेल. आणि आम्ही झाडाला विचारून साल घेतो. हे वस्त्र कुणाच्या अंगासाठी म्हणून सांगू?”

“अंगासाठी नाही. वाटेसाठी.”

“वाटेसाठी असे झाडाला सांगता येत नाही, महाराज.”

दरबार हसला. राजा हसला नाही. पौर्णिमेपर्यंत वस्त्र आले नाही तर घाट मोकळा करा, असे त्याने सांगितले.

परत येताना भद्रक रस्ताभर धुमसत होता. एका झाडाच्या नावाखाली आपण शंभर चुली विझवतो आहोत, असे त्याचे म्हणणे होते. आणि खरे सांगायचे तर ते म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नव्हते. पिंगलाने ते झटकलेही नाही. तो एवढेच म्हणाला, “झाडे गेली की टेकडीवरचा झरा जाईल, झरा गेला की घाट जाईलच. तेव्हा आपल्याला जा म्हणायला राजाही लागणार नाही.” भद्रकाला यात फक्त पुढच्या कधीतरीची भीती दिसली. पौर्णिमा तर समोर येऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना तो सुरी घेऊन टेकडीवर गेला. वनातल्या सगळ्यांत जुन्या झाडापासून त्याने सुरुवात केली. हात ठेवला नाही, काही सांगितले नाही. साल वर्तुळात सुटत गेली, सोपी, ओली, गंध असलेली. पूर्ण फेरी झाली तेव्हा झाडाच्या कमरेला पांढरा पट्टा उघडा पडला. वारा नव्हता, तरी पाने गळू लागली. पिवळी, पिकलेली पाने त्याच्या खांद्यावर, केसांत, सुरीवर पडत राहिली. भद्रक तिथेच खाली बसला. दुसऱ्या झाडाला त्याने सुरी लावली नाही.

कुणीतरी वस्तीत जाऊन सांगितले असावे. पिंगल धावत आला. तो रेवतीसाठी वस्त्र रंगवत होता. लोधाची साल तिच्यासाठीही त्याने अजून आणली नव्हती. काढ्यातले ते ओले वस्त्र तसेच हातात ठिबकत होते. त्याने भद्रकाकडे पाहिलेही नाही. आधी ओंजळीने माती आणून जखमेवर लिंपली, तिच्यावर खाली गळलेली पिकली पाने दाबून बसवली, आणि ते ओले वस्त्र झाडाभोवती घट्ट गुंडाळले. मग भद्रकाशेजारी येऊन बसला.

“दादा, हे आता जगेल का?”

“नाही.”

भद्रकाला वाटले, दादाने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

सकाळी धुके होते तेव्हाच भद्रक पुन्हा वर गेला. माती वाळून तडकली असेल, ती बदलावी म्हणून. त्याने वस्त्र सोडले आणि झऱ्यावर नेऊन धुतले. लाल पाणी वाहून गेले, सूत पांढुरके उरले. पण सगळे नाही. जिथे जिथे पिकली पाने चिकटली होती, तिथे पानांच्या आकाराचे गर्द लाल ठसे होते. त्याने चोळले. दगडावर आपटले. ठसे हलले नाहीत. जे आपण सालीत शोधत होतो ते झाड आपणहून खाली टाकत होते, हे त्याच्या ध्यानात आले, आणि तो झऱ्यात उभा राहून रडला.

पिंगल त्याच्यासह ते वस्त्र घेऊन दरबारात गेला. पानांनी भरलेले असे वस्त्र राजाने कधी पाहिले नव्हते. त्याने विचारले, “अशा वस्त्राने वाट झाकता येईल?”

“नाही, महाराज. गळतील तेवढ्याच पानांचे होईल. पौर्णिमेपर्यंत एका माणसापुरते.”

“आणि हे कुणाचे म्हणून झाडाला सांगितलेस?”

“काही सांगावे लागले नाही. हे त्याच्याच जखमेवर बांधले होते.”

राजाने वस्त्रावरून बोट फिरवले. मग त्याने ते घडी करून परत दिले, हे ज्याचे आहे त्याला बांधा म्हणाला. युवराजासाठी एकच वस्त्र करावे आणि झाडाला त्याचे नाव सांगावे, एवढी नवी आज्ञा झाली. घाट रंगाऱ्यांकडे राहिला. पौर्णिमेला युवराज धुळीतून चालत आला. त्याच्या खांद्यावर लाल पाने होती, आणि वाट झाकलेली नाही हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

जुने झाड पुढच्या उन्हाळ्यात वाळले. त्याचे शेवटचे पान गळेपर्यंत भद्रक रोज त्याच्याखाली झाडत होता.

एवढे सांगून शास्ते थांबले. मागच्या रांगेतून उत्पल उठला. तो म्हणाला, “भंते, साल मी काढली.”

“ठाऊक आहे,” शास्ते म्हणाले. “तेव्हाचा भद्रक तू होतास, सोमिल महीसेन राजा होता आणि पिंगल मीच होतो. झाडाकडून सुरीने काढून घेता येते आणि झाडाखाली थांबूनही घेता येते. जी थांबू शकते तीच करुणा. तिलाच पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला पोचलेला गुण, म्हणतात.”

उत्पल शेणमाती आणायला बाहेर पडला. अंगणात पाटला हातात पेटता पलिता धरून पानांच्या ढिगाशी उभी होती. तिने पलिता पाण्याच्या घड्यात बुडवला.

“म्हणजे इतकी वर्षे मी रोज तुमची चीवरेच जाळत होते म्हणायचे,” ती म्हणाली.