खैरावरची कफनी

"कफनी कुठं आहे तुझी, जनकू?"

जनकूने डोळे उघडले. वर मठाचं कौलारू छत होतं आणि उशाशी हिरागीर महाराज बसले होते. आत्ता तर आपण माळावर होतो... इथे कोणी आणलं, हे त्याला काही केल्या आठवेना.

"कफनी, महाराज..." त्याची जीभ टाळूला चिकटली होती.

"हो. कफनीच विचारतोय."

हा मठ बोडख्या माळाच्या कडेला आहे. माळ पार करायला चांगला अर्धा दिवस लागतो, आणि मठाच्या दाराबाहेरचा एक खैर सोडला तर वाटेत झाड म्हणून नाही. म्हणून चैत्रापासून मृगापर्यंत मठातला एक शिष्य रोज भर दुपारी पाण्याची कावड खांद्यावर घेऊन माळावर फेरी मारतो आणि भेटेल त्या वाटसरूला पाणी पाजतो.

निघण्याआधी त्याने विहिरीवरच्या दगडी कुंडीत कफनी बुडवायची आणि निथळती तशीच अंगात घालायची, असा इथला रिवाज. ही कफनी साधी नव्हे. दोन कापडांच्या मध्ये जुन्या धोतरांचे थर घालून ती गोधडीसारखी शिवलेली असते. वारा लागला की अंगाला असा गारवा येतो की माळ भाजतोय हे पायांनाच काय ते कळतं.

जनकूला हा गारवाच खटकत होता. घरदार सोडून तो तप करायला आला होता. उन्हात जायचं आणि ऊन लागू द्यायचं नाही, हे कसलं तप? महाराजांच्या मागे लागून लागून त्याने या उन्हाळ्यात कावड मिळवली खरी, पण कफनी काही त्याच्या मनाला पटली नाही.

मग त्याने युक्ती काढली. महाराजांच्या देखत कफनी भिजवायची, अंगात घालायची, आणि दाराबाहेर पडलं की काढून खैरावर टांगायची. परतताना पुन्हा अंगात अडकवायची. तोवर ती वाळलेलीच असे, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. त्याच्या पाठीची सालं निघाली होती, आणि त्या सालांचा स्वारीला कोण अभिमान!

"खैरावर..." शेवटी तो म्हणाला.

"तिथे नाही. अंगाकडे बघ."

जनकूने पाहिलं. तीच कफनी, गच्च भिजलेली, त्याच्या अंगात होती. आणि शेजारच्या घोंगडीवर एक म्हातारा निपचित पडला होता, त्याच्यावर महाराजांची कफनी होती.

मग त्याला सगळं आठवलं.

भिवाजी पाथरवट. गावोगाव हिंडून जात्यांना टाकी लावून देणारा. माळाच्या मध्यावर हत्यारांच्या पिशवीवर डोकं टेकून पडला होता. जनकूने त्याचे ओठ भिजवले, उरलेलं पाणी त्याच्या डोक्यावर, छातीवर ओतलं. पाणी ओघळलं आणि मातीने पिऊन टाकलं. म्हाताऱ्याचा विरलेला सदरा बघता बघता कोरडा झाला. ओल धरून ठेवील असं दोघांपाशी काही नव्हतं.

तेव्हा त्याने म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं आणि चालू लागला. मठापर्यंत न्यायचंच, या हट्टाला तो पेटला होता. खैर दिसायला लागला. खैरावर टांगलेली कफनीही दिसायला लागली. आणि तिथेच तो कोसळला.

"तू परतला नाहीस म्हणून गाडी घेऊन निघालो," महाराज म्हणाले. "आधी ही सापडली. मग तुम्ही दोघं."

जनकू धडपडत उठून बसला आणि कफनी काढू लागला.

"हीसुद्धा त्यांच्यावर घाला. मला नको."

"त्याच्यावर आहे."

"मला नको, महाराज!"

महाराजांनी त्याला पुन्हा आडवं केलं.

"ते वाचतील ना?"

महाराज भिवाजीच्या कपाळावर पाण्याची पट्टी बदलत राहिले. जनकूने आयुष्यात इतकी भीती कधी अनुभवली नव्हती. म्हातारा गेला तर तो आपल्या तपामुळे गेला, हे त्याला लख्ख दिसत होतं.

दिवे लागायच्या सुमाराला भिवाजीने डोळे किलकिले केले.

"माझी पिशवी कुठं हाय रं?" तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. "छिन्न्या हायत तिच्यात."

जनकूला रडू कोसळलं. लाजेने रडला आणि आनंदानेही रडला.

"कावड काढून घेणार का माझी?" डोळे पुसत त्याने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मी जाणार. एकदा चुकलो, पुन्हा चुकणार नाही."

"आधी उभा तर राहा," महाराज म्हणाले.

तो उभा राहिला. अंगात ताकद आल्यावर एका दुपारी विहिरीवर गेला, कफनी कुंडीत चांगली बुचकळली, न पिळताच तिची घडी घातली आणि कावडीतल्या एका रिकाम्या घागरीत ठेवून वर झाकण लावलं. दुसरी घागर पाण्याने भरली. उघड्या अंगाने कावड उचलून तो दाराशी आला.

दारात महाराज उभे होते.

"कफनी?"

जनकूने कावड खाली ठेवली आणि ताठ मानेने झाकण उघडून दाखवलं.

"अंगात घातली की वाऱ्याने वाळते. अशी ठेवली की माळाच्या पार टोकापर्यंत ओली राहील. कोणी पडलेला दिसला की त्याच्यावर घालीन."

"आणि तू?"

"मी सोसीन. आता स्वतःसाठी नाही, महाराज. त्याच्यासाठी."

शाबासकीचा हात पाठीवर पडेल, अशी त्याची खात्री होती.

महाराजांनी घागरीत हात घातला, निथळती कफनी बाहेर काढली आणि लेकराला अंगडं घालावं तशी त्याच्या डोक्यातून घातली. गार पाणी पाठीच्या सालांवरून उतरलं तसा जनकू शहारला.

"पण महाराज... वाटेत कोणी पडलेला भेटला तर?"

"भेटेल."

"मग?"

महाराजांनी रिकामी घागर पाण्याने भरली. कावड उचलून त्याच्या खांद्यावर दिली.

"पहिला तूच भेटशील. त्याला नाही म्हणू नकोस."