खाजणावरून बोलते

त्या मुलखात आवाजाला भिंत ओलांडायची असेल तर भिंतीची परवानगी लागत असे.

भिंत काही फार उंच नव्हती. पाखरांची ये-जा तिच्यावरून चालूच असे, त्यांना कुणी अडवत नसे. अडत होता तो फक्त आवाज. आतून मारलेली हाक भिंतीपाशी पोचली की भिंत ती शांतपणे ऐकून घेई, आणि पसंत पडली नाही तर गिळून टाकी. दरडावणं नाही, हाकलणं नाही. हाक मारणाऱ्याला उगीच वाटत राही की पलीकडच्यांनाच आता आपल्याशी बोलायचं नसावं. हे फार वाईट. तोंडावर दार आपटलं तर निदान शिवी तरी हासडता येते. इथे ती कुणाला हासडायची?

भिंतीच्या आत एक मोठं तळं होतं आणि तळ्याकाठी बगळ्यांची पाठशाळा होती. जमिनीच्या पोटात पाणी कुठे दडलं आहे हे वरून ओळखायची विद्या त्या बगळ्यांकडे होती आणि जगात दुसऱ्या कुणाकडेही नव्हती. म्हणून लांबलांबची पाखरं तिथे शिकायला येत. अट एकच होती. विद्या पुरी होईपर्यंत बाहेर जायचं नाही. गेलात तर परत आत घ्यायचे नाहीत.

भुरी नावाची चंडोलाची लेक तिथे आली ती पार दुसऱ्या टोकाच्या एका उजाड माळावरून. त्या माळावरचं पाणी एकेका डबक्याने आटत चाललं होतं. थव्यातल्या जाणत्यांनी बसून ठरवलं की एकीला तरी शिकायला धाडायचं, आणि भुरीचे कान तिखट म्हणून तिला निवडलं. घरी तिची आई तेवढी होती. आईच्या डोळ्यांवर पडदा आला होता. उजेड आणि सावली एवढंच काय ते तिला कळे. निघताना भुरी म्हणाली, “आई, रोज सांजेला हाक मारीन.” आई म्हणाली, “मार हो. मी इथेच बोराटीखाली असेन. थवा हलला तरी मी हलायची नाही, नाहीतर तुझी हाक यायची आणि मी नसायची.”

चंडोलांच्या हाकेची एक रीत होती, तीही इथेच सांगून टाकायला हवी. हाक मारताना आधी ठिकाण द्यायचं, मग नाव. “बोराटीखालून बोलते, भुरी.” “बांधावरून बोलतो, अमका.” ठिकाण न देता कुणी नुसतंच गोड बोलायला लागलं तर चंडोल उत्तर देत नसत. याला कारण होतं. त्या माळावर जाळेवाले येत. ते एक पाखरू पिंजऱ्यात घालून त्यावर फडकं टाकत आणि जाळ्यामागे ठेवून देत. आतलं पाखरू एकटेपणाने हाका मारी, त्या हाकांना भुलून बाकीची उतरत आणि अडकत. पण फडक्याखालच्या पाखराला आपण कुठे आहोत ते दिसत नाही. ठिकाण विचारलं की ते गडबडतं, काहीतरी चुकीचं सांगतं. ठिकाण खोटं तर हाक खोटी. चंडोलाच्या पिलाला दाणा टिपायच्या आधी हे शिकवलं जाई.

पहिल्या सांजेला भुरीने हाक मारली. दुसऱ्याही. आठवडे गेले, भिंत हाका गिळत राहिली, आणि पलीकडे आंधळी आई बोराटीखाली मान वर करून बसली असेल या विचाराने भुरीच्या घशाखाली दाणा उतरेना. बगळेगुरुजी एका पायावर उभे राहून म्हणाले, “इथे मन रमवा. बाहेर असं काय आहे?” ते काही दुष्टाव्याने म्हणाले नाहीत. ते जन्मल्यापासून त्याच तळ्यात होते, आणि त्यांच्या ओळखीचं सगळं जग हाकेच्या अंतरावर होतं.

शेवटी तिच्या वर्गातल्या डुंबी नावाच्या पाणकोंबडीला तिची दया आली. डुंबी तिथलीच. इकडेतिकडे बघत ती म्हणाली, “अगं, एवढी का सुकतेस? बोरूच्या बेटात जाऊन ये ना.”

“तिथे काय आहे?”

“तिथे काही नाही. सगळेच जातात, पण तिथे काही नाही. कळलं का? कुणी विचारलं तर पाय मोकळे करायला गेले होते म्हणायचं. गुरुजीसुद्धा तेच म्हणतात.”

बोरूच्या बेटात एका साळिंदराचं बीळ होतं. सगळे त्याला साळूमामा म्हणत. त्याचं बीळ भिंतीच्या पायाखालून जाऊन समुद्राकाठच्या एका खाजणात, खाऱ्या दलदलीत, वर निघे, आणि तिथून जुन्या बिळांच्या वाटांनी हव्या त्या मुलखात पोचे. युक्ती होती ती त्या खाजणातच. तिथे वर आलेल्या हाकेला खाऱ्या चिखलाचा ओलसर, पोकळ सूर लागे. भिंतीने पायाशी कान लावला तरी तिला वाटे, हे खाजणातलं कुणीतरी बोलतंय, आपल्याला काय त्याचं?

“फक्त एक सांभाळायचं, पोरी,” साळूमामा म्हणाला. “आत तोंड घातलंस की तू तळ्यावरची नाहीस. तू खाजणावरची. तळ्याचं नाव काढलंस तर भिंतीला लगेच कळेल.”

“आणि तुम्हाला काय द्यायचं, मामा?”

“काही नको गं. तुझा आवाज जाता-येता आत थोडासा राहतो, तेवढा मी ठेवून घेतो. नव्या आवाजाला जुन्याच्या सोबतीने वाट सापडते.”

भुरीला ते स्वस्त वाटलं. आपल्यालाही वाटलं असतं. आवाज काय, उद्या पुन्हा येतोच.

तिने बिळात तोंड घातलं, आणि काळजात जे भरलं होतं ते सवयीने ज्या क्रमाने यायचं त्याच क्रमाने बाहेर आलं. “तळ्याकाठून बोलते, आई! मी भुरी!”

पायाखालची माती हलली. बिळाचं तोंड खाली बसलं, आतून धूळ उसळली, आणि भिंतीच्या दिशेने लांबवर काहीतरी ढासळत गेलं. साळूमामा काटे उभारून किंचाळला, “अगं भवाने! सांगितलं होतं ना?” भुरी रडत म्हणाली, “खोटं ठिकाण माझ्या तोंडातून निघतच नाही, मामा.” नवी वाट उकरेपर्यंत मधले कित्येक दिवस पाठशाळेतल्या कुणाचीच हाक बाहेर गेली नाही. एका करकोच्याचा बाप त्याच दिवसांत वारला. करकोचा पुन्हा कधी भुरीच्या शेजारी बसला नाही.

त्यानंतर भुरी खोटं बोलायला शिकली. पाण्याची विद्या शिकायला आली होती, आधी ही शिकली. नवं बीळ तयार झालं तेव्हा तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “खाजणावरून बोलते, आई. मी भुरी.”

पलीकडे बोराटीशेजारच्या जुन्या बिळातून आवाज वर आला. आईने मान वळवली.

“माझी भुरी खाजणावर गेलेली नाही,” आई म्हणाली. “बाई गं, तुझ्यावर कुणी फडकं टाकलंय का? मला तुझी दया येते. पण मी फसायची नाही.”

“आई, मीच आहे!”

“सगळ्या असंच म्हणतात.” आईचा आवाजही पोकळ होऊन येत होता. “जा, बाई.”

दिवसामागून दिवस हेच चाललं. भुरी रोज खोटं ठिकाण देई, आणि आई रोज एका अनोळखी कैदी पाखराशी बोलावं तशी तिच्याशी मायेने बोलून तिला परत पाठवी. ती माया सोसणं फार अवघड होतं. मग एका सांजेला भुरीने सगळं पणाला लावलं. ती लहान असताना गारपीट झाली होती, तेव्हा आईने तिला पोटाखाली घेतलं होतं आणि गारांचा मार खाताना तोंडाने हसरी गाणी म्हटली होती, भुरीला कळू नये म्हणून. “मला कळत होतं, आई,” भुरी म्हणाली. “तुझं अंग प्रत्येक गारेला दचकत होतं.”

हे त्या दोघींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आईला हुंदका आवरेना.

“मग खोटं का बोलतेस गं?”

“बोलावं लागतं. कारणही इथून सांगता येत नाही. तू एवढं कर, तुझी रीत माझ्यापुरती मोड. मी खाजणावरची, असंच धरून चाल.”

आई बिळाजवळ सरकली. “नुसती मोडून कसं चालेल? मला दिसत नाही. मी ओळखायचं कशावरून? मग आता नवीच धरते. खाजणावरून बोलेल ती माझी लेक. दुसरं ठिकाण सांगणारी कुणीही आली, अगदी तुझ्या तोंडची वाटली, तरी तिला मी उभी करायची नाही. चालेल?”

“चालेल,” भुरी घाईने म्हणाली. तिला त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही.

मग बरे दिवस आले. रोज सांजेला बोलणं होई. कधी वाट तुंबलेली असे, निम्मं वाक्य आज पोचे आणि निम्मं उद्या. दोघीही “ऐकू येतंय का? येतंय का?” एवढंच विचारत बसत आणि त्यातही त्यांना बरं वाटे. कधी भिंत एखादं बीळ बुजवी, साळूमामा दुसरं उकरी.

फक्त बिळाच्या आतलं भुरीला नकोसं वाटे. तोंड घातलं की आधी इतरांचे आवाज कानावर येत. “मी बरा आहे.” “काळजी करू नका.” “पुढच्या वर्षी नक्की येतो.” तेच तेच, बिळाच्या कडांना घासत फिरणारे. बाहेर तर रांगेत कुणीच नसे.

“मामा, हे कोण?”

“जुनी गिऱ्हाइकं.”

“आता कुठे असतात?”

“असतील कुठेतरी. काही गेलीसुद्धा. आवाज मात्र इथे सुखरूप आहे.” साळूमामाला याचा अभिमान होता.

त्या गर्दीत एकदा तिला स्वतःचाच आवाज भेटला. तो तिच्याहून ताजा होता. त्या दिवसापासून तिने नीट लक्ष दिलं, आणि तिच्या ध्यानात आलं की बाहेर बोलताना आपला आवाज बारीक आणि कोरडा पडत चालला आहे. वर्गात पाठ म्हणून दाखवताना गुरुजी म्हणायचे, “जरा मोठ्याने.” पण बिळात तोंड घातलं की आवाज भरून येई, पहिल्यासारखा. तिने यायचं थांबवलं नाही. थांबवणार तरी कशी? आई वाट बघत होती.

विद्या पुरी झाली. बगळ्यांनी माना लववून निरोप दिला आणि भुरी भिंतीवरून उडाली. भिंतीने तिला अडवलं नाही. कित्येक मुलूख ओलांडून ती आपल्या माळावर उतरली तेव्हा सांज होत होती. थवा केव्हाच दुसरीकडे गेला होता. बोराटी तशीच होती आणि बोराटीखाली आई होती, फार लहान झालेली, जुन्या बिळाकडे तोंड करून.

भुरी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग लहानपणीच्या रीतीने, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच खरं ठिकाण देत, ती म्हणाली, “तुझ्या शेजारून बोलते, आई. मी भुरी.”

आईची पिसं ताठ झाली.

“कोण तू?”

“आई, मी आले. शिकून आले. पंख लाव बघ मला.”

“लांब हो!” आई चोच उगारून धावली, आणि अंदाज चुकून मातीवर पडली. उठवायला गेलेल्या भुरीला तिने टोचलं. “एवढी जवळ आलीस! मेल्यांनी पिंजरा आता दारातच आणून ठेवला का? माझी लेक खाजणावर आहे. तिचा आवाज असा चिरका नाही. आणि ती कुठून बोलते ते मला ठाऊक आहे.” ती धापा टाकत बिळाच्या तोंडाशी जाऊन बसली. “आत्ता येईलच ती. तिची वेळ झाली.”

भुरी उभी राहिली. तिने गारपिटीची गोष्ट सांगून पाहिली, पण त्या चिरक्या आवाजात ती आईला चोरलेल्या मालासारखी वाटली. आई आणखीच घाबरली. उजेड उतरत होता. आई बिळाकडे कान लावून वाट बघत होती आणि आत काही वाजत नव्हतं. “का गं नाही आलीस अजून?” ती पुटपुटली.

तेव्हा भुरी बोराटीला वळसा घालून आईच्या पाठीमागे असलेल्या बिळाच्या दुसऱ्या तोंडाशी गेली आणि आत तोंड घालून म्हणाली, “खाजणावरून बोलते, आई.”

आवाज भरून आला.

“आलीस का गं!” आई हसायलाच लागली. “अगं, किती घाबरले मी! इथे एक आली आहे, तुझंच नाव सांगते.”

“आई,” भुरी बिळात म्हणाली, “ती मीच आहे. मी घरी आले आहे.”

आईचं हसू विझलं. ती बिळापासून सरकली, आणि तिचा आवाज अगदी बारीक झाला. “तूसुद्धा? तूसुद्धा तसंच बोलायला लागलीस? मग माझी कुठे गेली?”

भुरीने तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा आत तोंड घातलं.

“थट्टा केली गं, आई. खाजणावरूनच बोलते.”

“मेली कुठली! अशी थट्टा करतात?” आई सुस्कारा सोडून परत बिळापाशी आली आणि ऐसपैस बसली. “तिला मी जवळ येऊ देणार नाही हो, तू काळजी करू नकोस. दाणा खाल्लास का?”

“खाल्ला.”

“थंडी आहे का तिकडे?”

“थोडी आहे,” भुरी म्हणाली. आई भुरीकडे पाठ करून बसली होती, इतकी जवळ की बोलताना तिची शेपटी भुरीच्या पंखाला लागत होती, आणि दरवेळी लागली की आई अंग चोरून घेत होती.